शिवनेरीवरून शनिवारवाड्याला

ठाण्यात कोर्टनाक्याकडून पुढे गेलं की मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. रोज हजारो माणसं तिच्या कडेनं जातात, पण हा तुरुंग म्हणजेच ठाण्याचा किल्ला हे फार थोड्यांच्या ध्यानात असतं. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला. १७३७ साली साष्टी बेट जिंकलं तेव्हा तो मराठ्यांकडे आला. २८ डिसेंबर १७७४ ला मुंबईकर इंग्रजांनी हल्ला करून तो घेतला. साष्टीवर त्यांचा डोळा जुनाच होता. संधी दिली ती पेशव्यांच्या घरातल्या भांडणानं. राघोबादादा गादीसाठी त्यांच्याकडे फौज मागत होते आणि ते फौजेच्या बदल्यात साष्टी आणि वसई मागत होते. घासाघीस लांबायला लागली तशी मुंबईकरांनी ठाणं आधी घेतलं आणि बोलणी मागाहून पुरी केली. ६ मार्च १७७५ ला सुरतेच्या तहात दादांनी त्यावर मोर्तब करून दिलं.

ठाणं पडल्याच्या तेराव्या दिवशी, १० जानेवारी १७७५ ला, तिकडे माळव्यात धारच्या किल्ल्यात आनंदीबाईंना मुलगा झाला. तेरावा दिवस आपल्याकडे कशाचा असतो ते सांगायला नको. मुलाचं नाव आजोबांचं ठेवलं: बाजीराव.

हाच पुढे ‘पळपुटा’ म्हणून शाळेच्या पुस्तकात येतो आणि तिथून मराठी माणसाच्या मनात कायमचा बसतो. मला इथे तो बाजीराव नको आहे. मला वीस वर्षांचा बाजीराव हवा आहे, ज्याच्याकडे पळून जायलाही जागा नव्हती. १७९५ साली, एक मोठं युद्ध संपून पुण्यात विजयाचे चौघडे वाजत असताना, त्यानं कैदेतून आपल्या घरी एक पत्र धाडलं. घरी म्हणायचं ते केवळ नात्यानं. ज्या शनिवारवाड्यात ते पत्र गेलं, त्या वाड्यात त्याचं बालपण गेलं नव्हतं. त्याच्या वडिलांना तिथून पाय काढावा लागला तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

वाड्यात ज्याच्या हाती ते पत्र पडलं, त्याचं नाव सवाई माधवराव. त्याचीही कथा जन्माच्या आधीच सुरू होते. ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना शनिवारवाड्यात मारलं. संशय काकांवर, म्हणजे राघोबादादांवर. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला ही गोष्ट तर आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. नारायणरावांची बायको गंगाबाई तेव्हा गरोदर होती. तिला पुरंदरावर नेऊन ठेवलं, आणि १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला. चाळिसाव्या दिवशी त्या तान्ह्या पोराच्या नावानं पेशवाईची वस्त्रं आली. कारभार बारभाईंनी हाती घेतला आणि हळूहळू ‘बारा’तले एक-एक गळत तो एकट्या नाना फडणिसांकडे आला.

म्हणजे एकाचा बाप मारला गेला आणि दुसऱ्याच्या बापावर त्या खुनाचा आळ. दोघांच्या वयात जेमतेम नऊ महिन्यांचं अंतर. नात्यानं मात्र बाजीराव एक पिढी वर बसतो: नारायणराव आणि बाजीराव चुलतभाऊ, तेव्हा बाजीराव हा सवाई माधवरावाचा चुलतचुलता. वयानं धाकटा काका आणि पदानं थोरला पुतण्या! ज्या काळात पत्राचा मायना चुकला तर अपमान होई, त्या काळात हा पेच लहान नव्हता. पुतण्याला लिहायचं तर ‘चिरंजीव’. पण पुतण्या पेशवा, आणि लिहिणारा त्याचा कैदी.

सालबाईचा तह १७ मे १७८२ ला झाला आणि इंग्रजांशी चाललेलं युद्ध थांबलं. वसई परत आली, कल्याण परत आलं. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली, आणि तिच्याबरोबर ठाणंही. राघोबादादांना महिन्याला पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली आणि त्यांनी गोदाकाठी कोपरगावला मुक्काम केला. ११ डिसेंबर १७८३ ला ते तिथेच वारले. मागे आनंदीबाई, दत्तक घेतलेला अमृतराव, आठ-नऊ वर्षांचा बाजीराव आणि बाप गेल्यावर जन्माला आलेला चिमाजीअप्पा. पुढे या सगळ्यांना नाशिकजवळ आनंदवल्लीला हलवलं. १७९४ साली आनंदीबाई गेल्या.

त्याच सुमाराला निजामाशी युद्धाची चिन्हं दिसू लागली. चौथाईची थकबाकी हे निमित्त; खरं म्हणजे दोन दरबारांतल्या कारभाऱ्यांनी एकमेकांना डिवचण्याची हद्द गाठली होती. युद्धात सगळे सरदार पुण्याबाहेर पडणार, आणि राघोबाची मुलं नाशिकसारख्या उघड्या जागी, निजामाच्या मुलखापासून फार दूर नाहीत. एखाद्यानं त्यांना हाताशी धरलं तर? नानांनी तिघा भावांना उचलून शिवनेरीवर ठेवलं.

आम्ही कल्याण-डोंबिवलीकर शिवनेरीला जातो ते शिवजन्माच्या ओढीनं. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाटातून एसटी वर चढते आणि जुन्नर जवळ आलं की तो शिवपिंडीच्या आकाराचा डोंगर ओळखू येतो. जुनी वाट याहून थोडी दक्षिणेला, वैशाखऱ्याहून नाणेघाटातून. कल्याणच्या बंदरात उतरलेला माल दोन हजार वर्षं याच वाटेनं जुन्नरला गेला. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून आहे आणि गुहेत सातवाहनांच्या राणीचा लेखही आहे. शिवनेरी हा त्या वाटेचा पहारेकरी. गडावर सात दरवाजे ओलांडून जायचं, शिवाईला हात जोडायचे, गंगा-जमुना टाक्यांचं पाणी तोंडावर मारायचं, जन्मस्थानाच्या वास्तूपुढे उभं राहायचं. शाळेच्या सहलीत आम्ही हेच केलं. याच गडावर पुढे पेशव्यांच्या घरातली तीन पोरं कोंडली होती, हे आमच्या सरांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कुणाला आवडलं नसतं. शिवाजीमहाराजांना हयातीत हा गड परत घेता आला नाही. तो पेशवाईत मराठ्यांकडे आला आणि पेशवाईनंच त्याचा असा उपयोग केला.

जुन्नरबद्दल आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती पत्राशी निगडित आहे. जुन्नर हे कागदाचं गाव होतं. चिंध्या कुजवून, कुटून, त्याचा लगदा हौदात घोळून ताव उचलायचे, वाळवायचे, खळ लावायची आणि मग गुळगुळीत दगडानं घोटायचे. घोटला नाही तर बोरूचं टोक अडकतं आणि मोडीची ओळ तुटते. पेशव्यांच्या दफ्तरात हा जुन्नरी कागद रीमांनी खर्ची पडे. नानांचा सगळा कारभार कागदावर चालणारा. स्वारीवर जायची त्यांना हौस नव्हती, पण हैदराबाद, श्रीरंगपट्टण, दिल्ली, मुंबई, कुठे काय शिजतंय ते त्यांना बातमीपत्रांतून कळायचं. आणि ज्याच्यापासून त्यांना सर्वांत जास्त धास्ती होती, त्या मुलाला त्यांनी नेऊन ठेवलं कागद बनवणाऱ्या गावाच्या डोक्यावर.

११ मार्च १७९५ ला खर्ड्याला लढाई झाली. लढाई म्हणण्याइतकी ती मोठी नव्हती. निजामाची फौज रात्रीत गोंधळली, खर्ड्याच्या गढीत जाऊन कोंडली गेली, आणि दोन दिवसांत पांढरं निशाण आलं. पण त्या मैदानावर शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन सगळे एका निशाणाखाली उभे होते. असं पुन्हा कधी झालं नाही. निजामानं दौलताबादचा किल्ला, लाखोंचा मुलूख आणि तीन कोट रुपये कबूल केले, आणि आपला दिवाण मुशीर-उल-मुल्क पुणेकरांच्या हवाली केला.

सवाई माधवराव या मोहिमेवर होता. एकविसावं वर्ष पुरं व्हायला महिना उरलेला. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनं एक गोष्ट नोंदवली आहे. मुशीर-उल-मुल्क शरण आला त्या वेळी पेशव्याचा चेहरा उतरलेला पाहून नानांनी कारण विचारलं. एवढ्या सहज मिळालेल्या विजयाबद्दल आपले लोक छाती फुगवतायत आणि मोगल लाज सोडून वाकतायत, याचंच वाईट वाटतं, असं तो म्हणाला. उत्तर मागाहून कुणी सजवलं असेलही. पण या मुलाला ते शोभतं. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं त्याला नानांच्या शेजारी बसवून रंगवलं आहे. दागिन्यांत बुडालेला, गोरा, नाजूक, आणि डोळ्यांत कसलीही घाई नसलेला. चाळिसाव्या दिवसापासून राज्य करत आलेल्या माणसाला घाई कशाची असणार! त्याला जनावरांचा नाद होता. पर्वतीच्या पायथ्याशी त्याचा शिकारखाना होता, त्यात हरणं होती, गेंडाही होता. बाकी दिवसभराचं वेळापत्रक नानांनी आखून दिलेलं; कुणी भेटायचं, कोणी जवळ बसायचं, तेही.

पुण्यात परत आल्यावर नजराणे, मेजवान्या, वाटणीचे तंटे सुरू झाले. आणि याच दिवसांत शिवनेरीवरून तो कागद आला.

मुलांवर पहारा ठेवायला दोन माणसं नेमली होती; त्यांतला एक बळवंतराव नागनाथ. बाजीरावानं या माणसाला वश केलं. त्याची ही कला पुढेही जन्मभर टिकली. समोरच्याला पाच मिनिटांत आपलासा वाटेल असं बोलणं हे वडिलांपेक्षा आईकडून आलं असावं. बळवंतरावाच्या हातून आधी निरोप गेला आणि मग पत्रं जायला लागली. ग्रँट डफनं पहिल्या मजकुराचं सार इंग्रजीत दिलं आहे. त्याचा इतिहास १८२६ साली निघाला, आणि तीन-चार वर्षांत कॅपन साहेबानं त्याची मराठी बखरही केली. म्हणजे बोरूनं मोडीत लिहिलेला मजकूर आधी साहेबाच्या भाषेत गेला आणि तिथून परत मराठीत आला. एवढ्या प्रवासात मायना, विनंती, लेखनसीमा सगळं गळून पडलं. राहिला तो गाभा.

गाभा असा: मी शिवनेरीवर कैदेत आहे आणि आपण पुण्यात कारभाऱ्याच्या हाताखाली आहात, पाहू गेलं तर आपली दोघांची गत सारखीच. पण मन आणि माया यांना पहारा बसवता येत नाही, ती एकमेकांच्या ठायी राहोत. आपल्या वाडवडिलांनी मोठी कामं केली. आपल्यालाही एक दिवस तशी करता येतील आणि नाव राखता येईल.

हे वीस वर्षांच्या मुलाचं लिहिणं आहे. याच्यात सुटकेची याचना कुठेही नाही. पैसे, कपडे, औषध, काही मागितलेलं नाही. ‘वडिलांनी केलं त्याला मी काय करू’ असा खुलासाही नाही. ज्या खुनामुळे हे सगळं झालं त्याचा उल्लेखच टाळला आहे. ‘मी कैदी आहे’ हे कुणालाही लिहिता आलं असतं. ‘आपणही कैदी आहात’ हे लिहायला धाडस लागतं, आणि समोरच्याच्या दुखण्यावर नेमकं बोट ठेवायची नजर लागते. सवाई माधवरावाला एकवीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. दरबारात त्याला ‘श्रीमंत’ म्हणत होते. शिवनेरीवरचा माणूस त्याला सोबती म्हणत होता.

प्रामाणिक होतं का हे पत्र? मी या प्रश्नाभोवती बराच घोटाळलो. पुढचा बाजीराव ठाऊक असल्यामुळे आपण प्रत्येक शब्दात डाव शोधतो. डाव होताच, कसा नसेल? सवाई माधवरावाला अजून मूल नव्हतं आणि त्याच्या मागे गादीवर बाजीरावाचा हक्क सर्वांत जवळचा. पण माणूस एकाच वेळी डाव टाकत असतो आणि खरंही बोलत असतो. गडाबाहेर त्याला खरोखरच दुसरा भाऊबंद नव्हता ज्याला आपलं दुःख न सांगता कळलं असतं.

उत्तरं गेली. नक्की किती, ते सोडा. पण पत्रव्यवहार सुरू झाला आणि पेशवा तो जिवापाड जपायला लागला. बाजीराव दिसायला देखणा, घोड्यावर पक्का, तिरंदाजीत आणि तलवारीत तयार, शास्त्रं वाचलेला, अशी त्याची कीर्ती आधीच पुण्यात पसरली होती. चुलत्याचं कौतुक ऐकून पेशवा खूश व्हायचा आणि ते पाहून नाना सावध करायचे. ते सावध करतील तेवढी ओढ वाढायची. घरात कुणीही वडीलधारं माणूस जे करून बसतं तेच नानांनी केलं.

आणि मग कागद नानांच्या हाती लागला.

नाना तेव्हा त्रेपन्न वर्षांचे. त्यांची बाजू समजून घेतल्याशिवाय पुढचं सांगणं अन्यायाचं होईल. त्यांच्या बरोबरीची माणसं एकामागून एक गेली होती. रामशास्त्री १७८९ मध्ये, महादजी शिंदे आणि हरिपंत फडके दोघेही १७९४ मध्ये. खर्ड्याचा विजय दिसायला सर्वांचा, पण तो जमवून आणणारा माणूस एकच आणि तो थकलेला. ज्या पोराला त्यांनी पाळण्यापासून जपलं, ज्याच्यासाठी इंग्रजांशी सात वर्षं युद्ध केलं, त्याच पोरानं राघोबाच्या मुलाशी त्यांच्या पाठीमागे हितगुज करावं! त्या पत्रात ‘वाडवडिलांची कामं’ हे शब्द वाचून नानांना राघोबा आठवला असेल. ठाणं आठवलं असेल.

बळवंतरावाला बेड्या घालून एका किल्ल्यावर टाकलं. शिवनेरीवरचा पहारा आवळला. पेशव्याला समोर उभं करून नाना बोलले. किती बोलले, कसं बोलले याच्या हकिकती वेगवेगळ्या आहेत, पण त्या दिवसापासून मुलगा आपल्या महालातून बाहेर पडेना. वीस वर्षांत ज्यांनी त्याच्यासमोर मान वर केली नव्हती त्या सेवकांसमोर हे घडलं असेल तर शब्दांहून तेच जास्त लागलं असणार.

दसरा आला. त्या दिवशी पेशव्याला बाहेर पडावंच लागतं. सवाई माधवराव फौजेसमोर गेला, संध्याकाळी दरबारात सरदारांना आणि वकिलांना भेटला, सोनं वाटलं. त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, २५ ऑक्टोबर १७९५ ला, तो वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली कारंज्यावर पडला. हाडं मोडली, कारंज्याची नळी लागून जखम झाली. दोन दिवस तो जिवंत होता. २७ तारखेला, कोजागिरीच्या तोंडावर, तो गेला. जाताना बाबा फडके जवळ होते. आपल्यामागे बाजीरावाला गादीवर बसवा, असं तो म्हणाला असं सांगतात.

उडी घेतली की तोल गेला? ग्रँट डफ उडी म्हणतो. त्याच्या इतिहासातल्या चुका नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांनी १८६७ सालीच, कॉलेजात असताना, काढून दाखवायला सुरुवात केली होती, आणि पुढे रियासतकार सरदेसायांनी हाही मुद्दा खोडला: मुलाला ताप होता, तापात भ्रम झाला आणि तो खिडकीतून पडला. मला दुसरी हकिकत खरी वाटते. पण भ्रम होण्याआधी तो कुठल्या दिवसांतून गेला होता तेही विसरता येत नाही. दोन्ही पक्षांच्या लेखकांना ते शिवनेरीचं पत्र बाजूला सारता आलेलं नाही.

पेशव्याचं चित्र काढणारा जेम्स वेल्स त्या वेळी साष्टीत कान्हेरीच्या लेण्यांची रेखाटनं करत होता. तिथेच त्याला ताप भरला आणि नोव्हेंबरमध्ये, आपल्या चित्रातल्या मुलापाठोपाठ काही दिवसांत, तो ठाण्यात वारला. या गोष्टीचा आपल्या कथेशी तसा संबंध नाही. पण ठाण्याचा माणूस लिहायला बसला की असं काहीतरी सुचतंच.

यानंतर शिवनेरीवरून दुसरं पत्र निघालं, आणि बाजीरावाबद्दल ज्याला काही समजून घ्यायचं आहे त्यानं पहिल्याशेजारी हे दुसरं ठेवून पाहावं. नानांनी ठरवलं होतं की सवाई माधवरावाची विधवा यशोदाबाई, जी अजून पोरच होती, तिच्या मांडीवर कुणीतरी दत्तक द्यायचा आणि राघोबाचा वंश बाहेर ठेवायचा. बाजीरावाला याचा सुगावा लागला. त्यानं दौलतराव शिंद्यांना लिहिलं: मला गादीवर बसवा, चार लाखांचा मुलूख देतो आणि फौजेचा खर्चही देतो. पहिल्या पत्रात मन आणि माया होती. दुसऱ्यात दर होता. दोन्हींच्या मध्ये गेले ते फक्त काही महिने आणि एक मृत्यू.

शिंदे येतायत म्हटल्यावर नानांनी डाव फिरवला: बाजीरावाला आपणच गादीवर बसवायचं! परशुरामभाऊ पटवर्धन त्याला आणायला शिवनेरीवर गेले. हा प्रसंग मी अनेकदा डोळ्यांसमोर आणून पाहिला आहे. भाऊ साठीच्या आसपासचे, खर्ड्याचे सेनापती. समोर एकवीस वर्षांचा कैदी, ज्याला ते पेशवा करायला आले आहेत. आणि कैदी गड उतरायला तयार नाही. कशावरून हा सापळा नाही? अमृतराव तर नकोच म्हणत होता. शेवटी गाय आणली. परशुरामभाऊंनी तिची शेपटी हातात धरली आणि गोदावरीची शपथ घेतली, तेव्हा मंडळी खाली उतरायला निघाली.

पुण्यात नाना आणि बाजीराव भेटले. मागचं सगळं विसरलो असे कागद एकमेकांना लिहून दिले. ते कागद किती टिकले ते पुढच्या दोन महिन्यांतच दिसलं: परशुरामभाऊ फिरले, चिमाजीअप्पाला यशोदाबाईच्या मांडीवर देऊन पेशवा केलं, नाना जीव घेऊन महाडला गेले, आणि तिथून कागदांच्याच जोरावर सगळा पट पुन्हा उलटा केला. डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव एकदाचा गादीवर बसला. यशोदाबाईला रायगडावर नेऊन ठेवलं. ती तिथे १८११ साली वारली. नवऱ्याच्या पाठीमागे पंधरा वर्षं, आणि बहुतेक सगळी पहाऱ्यात.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. २५ ऑक्टोबर १८०२ ला, सवाई माधवराव पडला त्याला बरोबर सात वर्षं झाली त्या दिवशी, होळकरांनी हडपसरला पेशव्याची फौज उधळली. बाजीराव कोकणात उतरून इंग्रजी जहाजानं वसईला पोचला आणि ३१ डिसेंबरला तिथे सही केली. सव्वीस लाखांचा मुलूख, आणि त्याबदल्यात तैनाती फौज. उल्हासची खाडी कल्याणवरून येते, ठाण्याला वळसा घालून घोडबंदराकडे जाते आणि वसईला समुद्राला मिळते. बापानं जी सही केली ती या खाडीच्या एका टोकासाठी होती. मुलानं ती दुसऱ्या टोकाला बसून पुरी केली. वरचं कल्याण तेवढं राहिलं होतं. ते १८१७ साली गेलं.

पण कल्याण जायच्या आधी ठाण्याच्या किल्ल्यात एक गोष्ट घडली. बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपूरला खून झाला. संशय बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यावर. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन यानं तगादा लावला, आणि पेशव्याला आपला माणूस इंग्रजांच्या हवाली करावा लागला. त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा. देशी शिपाई फितूर होतील, आणि मराठी कळणारा माणूस जवळ असला की निरोप जातात, हे साहेबाला ठाऊक होतं.

बिशप हेबर आणि ग्रँट डफ दोघांनीही हे लिहून ठेवलं आहे. किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे मराठा मोतद्दार होता. साहेबाचा घोडा फिरवायला तो रोज त्रिंबकजीच्या खिडकीखालून जायचा, आणि जाता-येता काहीतरी गुणगुणायचा. घोड्याला खरारा करतानाही गाणं चालूच. गोरे शिपाई ऐकायचे आणि त्यांना काहीच कळायचं नाही. बाहेर घोडे कुठे उभे आहेत, कोण वाट पाहतंय, कधी निघायचं, ते सगळं त्या गाण्यात होतं. या खेपेला कुणाच्या हाती लागेल असा कागद कुठेच नव्हता.

१२ सप्टेंबर १८१६ ची रात्र, पाऊस, मिट्ट काळोख. आडबाजूच्या भिंतीला भोक पाडून त्रिंबकजी बाहेर पडला आणि खाडी ओलांडून गेला. मोतद्दारही त्या रात्रीनंतर कुणाला दिसला नाही.